बाळाच्या कॉटसाठी गादी: कापूस, सावर की काथ्या? (कोकणातला पावसाळा धरून सांगा)

नवखी_आई

बाळ जूनच्या शेवटी अपेक्षित आहे. आम्ही रत्नागिरीत राहतो. लाकडी कॉट घरचीच आहे, आतून १२० × ६० सेंमी, तळाला पट्ट्या. फोमची गादी घ्यायची नाही असं ठरलंय, आणि शक्य तितकं सगळं नैसर्गिक धाग्याचं हवंय.

गादीवाला म्हणतो कापसाची करून देतो. सासूबाई म्हणतात सावरीची करा, हलकी आणि मऊ असते. ऑनलाइन काथ्या आणि लॅटेक्सच्या (रबराच्या चिकाच्या) गाद्या दिसतात, त्या महाग आहेत. चादरींमध्ये 'बांबू' लिहिलेल्या फार मऊ लागतात, त्या खरंच पर्यावरणाला बऱ्या का? शिवाय घरात जुनी सुती लुगडी भरपूर आहेत, त्यांच्या गोधड्या शिवायला सासूबाई तयार आहेत. मोहरीची उशीही करून ठेवली आहे.

गादी किती जाडीची, किती किलोची सांगू? आणि पावसात हे सगळं वाळवायचं कसं?

पिंजण

तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला असायला हवा. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वर असतो, आणि कापूस हवेतूनच पाणी ओढतो. साध्या कोरड्या हवेत त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्यात असतंच, पावसाळ्यात हे प्रमाण बरंच वर जातं. त्यात बाळाची शू. जाड गादीच्या मधोमध ओल शिरली की बाहेरून हात लावून कळत नाही, आणि मग खोळीवर काळे ठिपके यायला लागतात.

म्हणून कापसाची करायची असेल तर एक जाड करू नका. ४ सेंमी जाडीच्या दोन करा, दोन्ही ११९ × ५९ सेंमी. एकावर एक ठेवून दोन्हींना मिळून चेन असलेली एक घट्ट खोळ घाला, म्हणजे सरकणार नाहीत. प्रत्येकीत सव्वादोन ते अडीच किलो कापूस. यापेक्षा कमी भरला तर मधे खळगा पडतो. गादीवाला बहुतेक 'लहान बाळाची आहे, मऊ करतो' म्हणून कमी भरेल. त्याला आधीच सांगा: कडक हवी, ठासून भरा. वर्षाखालच्या बाळाच्या गादीत मऊपणा हा गुण नाही. पालथं झालेल्या बाळाचं नाक मऊ गादीत रुतलं तर त्याला मान उचलून वळवता येत नाही.

समोर बसून या गोष्टी बघून घ्या:

कापूस नवा आणि पांढरा-पिवळसर असावा. रंगीत ठिपके दिसले तर चिंध्या पिंजून काढलेला माल आहे, त्यात पॉलिएस्टर असतंच. सरकीचे बारीक काळे तुकडे दिसले तर घाबरू नका, ते कापूस असल्याचंच लक्षण. पण टोचणारी काडी-कचरा असेल तर पुन्हा पिंजून घ्या.

टाके १५ सेंमीच्या अंतराने, आरपार. दोऱ्याची गाठ खालच्या बाजूला. वर गोंडे, बटणं, फुलं काही नको. बाळाच्या हाती लागून सुटलेली गोष्ट तोंडातच जाते. टाके दूर दूर असतील तर दोन महिन्यांत कापूस कडेला सरकतो आणि मधे नुसती खोळ उरते.

खोळीचं कापड गादीपाटाचं, घट्ट विणीचं, आणि शिवायच्या आधी धुतलेलं. न धुता शिवली तर पहिल्या धुण्यात आटते, गादी पोटाशी वाकते आणि कोपरे उचलले जातात.

कॉटमध्ये ठेवल्यावर गादी आणि कठडा यांच्या मधे दोन बोटांपेक्षा जास्त फट नसावी. एक लाटणं गादीवर आडवं ठेवून बघा: लाटण्याखाली मधे उजेड दिसला तर तिथे खळगा आहे. ही तपासणी दर महिन्याला करा, कारण कापूस दबतो आणि फोमसारखा परत उसळत नाही. वर्ष-दीड वर्षाने उसवून पिंजून घ्यावा लागेल. हा दोष मानायचा की सोय ते तुम्ही ठरवा; फोमची गादी दबली की कचऱ्यात जाते, ही पुन्हा नवी होते.

काथ्याकूट

पिंजण यांचं सगळं देशावर बरोबर. नगर, सोलापूर, संभाजीनगरला मीही कापूसच सांगेन. पण रत्नागिरीत जूनमध्ये कापसाच्या दोन गाद्या वाळवायच्या कुठे? ऊन महिनाभर दिसलं नाही तर? कोकणात माझं मत काथ्याला.

काथ्यात लिग्निन (लाकडाला टणक करणारा घटक) भरपूर, त्यामुळे तो ओला झाला तरी लवकर कुजत नाही. रबराचा चीक फवारून दाबलेल्या काथ्याच्या पाट्या मिळतात. त्यात हवा आरपार खेळते, आणि त्या मुळातच कडक असतात, म्हणजे बाळाला जे हवं तेच. ८ सेंमीची पाटी पुरे. दुकानात विचारा की चीक नैसर्गिक रबराचा आहे की कृत्रिम. दोन बाजूंना फोमचा पातळ थर चिकटवून 'काथ्याची गादी' म्हणून विकतात, तेव्हा खोळीची चेन उघडून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चेन नसेल तर दुसरं दुकान.

दोष सांगतो. नव्या पाटीला रबर-गंधकाचा वास येतो, आठवडाभर सावलीत उभी करून ठेवा. उन्हात नको, उन्हाने रबर कडक होऊन भुगा पडतो. कापसाला ऊन पाहिजे आणि काथ्या-लॅटेक्सला सावली, हा फरक लोक विसरतात. काथ्याचे धागे साध्या चादरीतून टोचतात, म्हणून वर घट्ट शिवलेली सुती खोळ किंवा एक पातळ गोधडी लागतेच. आणि चार-पाच वर्षांनी पाटी कडांना झडायला लागते, तेव्हा बदलावी.

कॉटच्या पट्ट्यांवर प्लायवूड टाकत असाल तर त्याला भोकं पाडा. अखंड प्लायवर कुठलीही गादी पावसाळ्यात खालून बुरसते. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून उभी करा आणि पंख्याचा वारा द्या.

निव्वळ लॅटेक्सच्या गादीबद्दल: चांगली असते, पण बाळासाठी तिची घनता आणि कडकपणा विचारून घ्यावा लागतो. मोठ्यांच्या गादीतला 'मीडियम' बाळाला फारच मऊ पडतो. घरात कुणाला रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी असेल तर लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नका.

पिंजण

उन्हाचा मुद्दा मान्य. पण काथ्याच्या पाटीत दूध किंवा शू खोल गेली तर तुम्ही ती धुणार कशी? वास राहतोच. कापसाची पातळ गादी निदान उसवता येते. शेवटी वरचा थर किती राखता यावर सगळं आहे.

सावरीचं राहिलं. सावरीचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो, पाणी पटकन शोषत नाही, ओलीला कापसापेक्षा सरस. पण आखूड आणि गुळगुळीत असल्याने तो एकमेकांत गुंतत नाही, डोक्याखालून बाजूला पळतो आणि खड्डा पडतो. त्याचा भुसाही फार बारीक, साध्या विणीच्या कापडातून बाहेर येतो. आणि पेट लगेच घेतो. मोठ्यांच्या उशीला सावर छान. तुमच्या सासूबाईंची 'हलकी आणि मऊ' ही दोन्ही विशेषणं खरी आहेत, म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाखाली ती नको.

ताणाबाणा

चादरींबद्दल लिहिते, कापडाचाच धंदा आहे.

'बांबू' म्हणून विकलं जाणारं मऊ, थंडगार कापड हे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोज असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून परत धागा ओढतात. तयार कापड बाळाला त्रास देतं असं नाही, ते मऊ आणि घाम टिपणारं असतं. पण कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे, आणि ते नीट परत पकडलं नाही तर हवा-पाण्यात जातं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०२२ मध्ये दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले, व्हिस्कोजला 'बांबू' आणि वर 'पर्यावरणस्नेही' म्हणून विकल्याबद्दल. लायोसेल वेगळं, त्यात द्रावक जवळपास सगळं परत वापरलं जातं. लेबलवर 'बांबू लायोसेल' स्पष्ट लिहिलेलं असेल तर विचार करा, नुसतं 'बांबू' असेल तर नाही. शिवाय व्हिस्कोज ओलं झालं की कमजोर होतं, रोजच्या धुण्याला सुतीच टिकतं.

घरच्या घरी ओळखायचं तर धागा जाळून बघा. सुती जळताना कागदाचा वास, मऊ राखाडी राख. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास. व्हिस्कोजही सुतासारखंच जळतं, तेव्हा त्याला दुसरी परीक्षा: धागा मधे ओला करून ओढा, ओल्या जागीच पटकन तुटला तर व्हिस्कोज.

शिक्क्यांचा गोंधळ फार आहे. 'गॉट्स' (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) म्हणजे सेंद्रिय कापूस, आणि धाग्यापासून रंगापर्यंतच्या प्रक्रियेचीही तपासणी. पूर्ण 'सेंद्रिय' लिहायला किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय लागतो, 'सेंद्रिय वापरून' लिहायला ७० टक्के. लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असायलाच हवा, तो गॉट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. नुसता गोल हिरवा शिक्का कुणीही छापतो. 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' म्हणजे तयार कापडात घातक रसायनं मर्यादेत आहेत, एवढंच. ते पॉलिएस्टरलाही मिळतं. बाळासाठी त्यातला 'वर्ग १' बघा, तो ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आणि सगळ्यात कडक. लॅटेक्ससाठी तसंच मानक 'गोल्स'.

पण तुमच्याकडे जुनी लुगडी आहेत म्हणता! मग नवं सेंद्रिय विकत घेण्यात कसलं पर्यावरण? शेकडो वेळा धुतलेल्या कापडातली खळ, सुटणारा रंग, फिनिशिंग सगळं केव्हाच निघून गेलेलं असतं. नव्या कापडासाठी लागणारं पाणीसुद्धा वाचलं. नवी फक्त खालची चादर घ्या, कारण ती घट्ट बसायला कापडात ताकद लागते.

त्या चादरीचं माप: ८ सेंमी जाड गादीला लांबी १२० + १६ + २० = १५६, रुंदी ६० + १६ + २० = ९६ सेंमी (१६ दोन्ही बाजूंच्या जाडीचे, २० खाली दुमडायला). न धुतलेलं कापड असेल तर पाच टक्के जास्त, म्हणजे १६४ × १०१ घ्या. कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन, ११० ते १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). मलमल नको, ती कोपऱ्याला फाटते आणि दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते. इलॅस्टिक चारी बाजूंनी घाला. नुसतं कोपऱ्यांना घातलं तर बाळ पाय घासायला लागलं की चादर निघते. 'सुरकुत्या पडत नाहीत' लिहिलेलं कापड टाळा, त्यावर बहुधा फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचं फिनिश असतं.

वाकळ

गोधडीचं मी सांगते.

लुगडं साधारण ८ मीटर, पन्हा ११५ सेंमी. पन्हा तसाच ठेवून ६५ सेंमीचे तुकडे पाडले तर १२ निघतात, विरलेला भाग सोडून १० धरा. पाच थरांच्या दोन गोधड्या होतील. प्रत्येकी साधारण ३५० ग्रॅम भरते, हाताने पिळता येते आणि पंख्याखाली रात्रभरात वाळते. मुद्दाम सात-आठ थर घालू नका. मोठ्यांची वाकळ आणि बाळाची गोधडी यांत फरक आहे तो वाळण्याचा.

जरीचे काठ कापून टाका. काठ कृत्रिम रेशमाचे असले तरी कापा, ते सुतापेक्षा वेगळे आटतात आणि गोधडीला झोळ येतो. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो. धावदोरा बारीक, टाका अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, नाहीतर बाळाचं बोट अडकतं. ओळींमध्ये तीन सेंमी अंतर. आधी मधे आणि कडांना मोठे कच्चे टाके घालून थर बसवून घ्या, मग धावदोरा. त्याशिवाय आतला थर गोळा होतो आणि तिथे उंचवटा येतो. कोपऱ्याला फुलं-बिलं लावायची हौस मोठ्यांच्या गोधडीवर भागवा.

वापरायची कशी: गादीवर सपाट, वरून घट्ट चादर. पांघरायला नाही! पहिल्या वर्षात पांघरूण सुटं ठेवायचंच नाही. जूनच्या हवेत लंगोट-झबलं आणि अंगावर गुंडाळलेलं एक मलमलचं दुपटं पुरतं. बाळ कुशीवर वळायला लागलं की दुपट्यात गुंडाळणंही बंद.

आता महत्त्वाचं. ही लुगडी ट्रंकेत डांबर गोळ्यांबरोबर ठेवलेली असतील तर आधी तो वास पूर्ण काढा. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि घरी आणलेल्या नवजात बाळाची ती तपासणी झालेलीच असते असं नाही. आत्ता मे महिना आहे, ऊन आहे. लुगडी उकळत्या पाण्यातून काढा, तीन-चार दिवस दोन्ही बाजूंनी उन्हात टाका, पुन्हा धुवा. वास राहिलाच तर ते लुगडं बाळासाठी वापरू नका. पुढे ठेवताना सुकलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ट्रंकेत ठेवा, कपड्यांच्या घडीत नको.

डॉ_पाळणाघर

मोहरीच्या उशीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

नको. डोकं गोल होण्यासाठी ती देतात, पण उशीने हनुवटी छातीला टेकते आणि नवजात बाळाची श्वासनलिका अरुंद होते. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात. कोकणात तर महिन्याभरात मोहरीला बुरशी किंवा कीड लागते, वास आल्यावरच कळतं. डोकं एका बाजूला चपटं होत असेल तर उपाय वेगळा: बाळ जागं असताना, समोर बसून, दिवसातून काही वेळा थोडा वेळ पोटावर ठेवा, आणि कॉटमध्ये डोक्याची दिशा रोज बदला, म्हणजे उजेडाकडे बघताना मान दोन्ही बाजूंना वळते.

सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून उशी कॉटमध्ये 'नुसती ठेवायची' असं करू नका. ती बाळाच्या आत्याला द्या, मान दुखत असेल तर कामी येईल.

झोळीचंही तेच. साडीची झोळी दिवसा समोर बसून हलवायला ठीक, पण तिच्या पोटाशी बाळ वाकतं. रात्रीची झोप सपाट गादीवर, उताणी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचना हेच सांगतात: सपाट आणि कडक पृष्ठभाग, वर घट्ट बसणारी एक चादर, बाकी काही नाही. कठड्याला बांधायचे लोड, कापसाचे गुंडाळे, खेळणी, सगळं बाहेर. सेंद्रिय कापसाचा लोडसुद्धा नाक तितकंच दाबतो.

नवखी_आई

सगळ्यांचे आभार, ट्रंकेत गोळ्या आहेतच, आजच काढते. एक राहिलं: गादी शूपासून वाचवायला मेणकापड घालायचं का? ते तर प्लास्टिकच ना? आणि एकूण किती चादरी-गोधड्या?

काथ्याकूट

जाळीच्या गाद्या वगैरे महागड्या उपायांपेक्षा मेणकापड परवडतं. दवाखान्यात मिळतं ते रबराचं, दोन्ही बाजूंना सुती कापड लावलेलं घ्या. नुसतं प्लास्टिकचं घेऊ नका, त्यावर घाम साचून पाठीला पुरळ येतं. पूर्ण गादीभर घालायची गरज नाही. ९६ × ५० सेंमीचा तुकडा (रुंदी चादरीइतकी) कमरेखाली येईल असा, गोधडीच्या खाली, आणि सगळ्यावर ताणलेली चादर. कडा गादीखाली दाबल्या गेल्या पाहिजेत. सुटं राहिलं तर बाळाच्या तोंडावर यायची भीती असते, म्हणून सैल मेणकापड नसलेलं बरं.

लोकरीचा जाड फेल्टही ओल अडवतो, लोकरीच्या मेणामुळे. पण कोकणात तो वाळता वाळत नाही. घोंगडीबद्दल कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आणि नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. थंडीत गादीच्या खाली घाला, बाळाच्या अंगाला नको.

ताणाबाणा

पावसाळ्याचा हिशोब: चादरी ४, गोधड्या ६, मेणकापड २, दुपटी १०-१२. धुताना सॉफ्टनर घालू नका, सुती कापड पाणी शोषणंच बंद करतं. रिठ्याने धुवायचं असेल तर तीनदा खळबळा, नाहीतर पांढऱ्यावर पिवळट झाक राहते. शूचे कपडे आधी गार पाण्यातून काढा आणि मग गरम, उलट केलं तर डाग बसतो. दोरीवर पंख्याखाली वाळवून शेवटी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री. 'जरासं दमट आहे, चालेल' म्हणून घडी घातली की दुसऱ्या दिवशी कुबट वास.

सातासमुद्रापार

परदेशातल्या वाचकांसाठी एक पुरवणी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाळाच्या गादीलाही २००७ पासूनची उघड्या ज्योतीची चाचणी लागू आहे. नैसर्गिक गाद्यांमध्ये त्यासाठी बहुतेक लोकरीचा थर असतो, कारण लोकर सहजासहजी पेटत नाही. 'आग रोखण्यासाठी काय वापरलंय' हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. भारतातून कापसाची गादी नेण्यापेक्षा तिथे गादी घ्या आणि गोधड्या न्या. थंडीसाठी पांघरुणाऐवजी बाही नसलेली झोपेची पिशवी: खोली १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉग (टॉग म्हणजे ऊब राखण्याचं माप), २१ ते २३ ला १ टॉग, त्यावर ०.५. वजन भरलेल्या पिशव्या येतात त्या घेऊ नका.

वाकळ

@नवखी_आई, लुगडी उकळताना एकेक वेगळं उकळा. जुन्या लाल लुगड्याचा रंग उकळत्या पाण्यात अजूनही सुटू शकतो. सुटला तर ते आतल्या थराला नका वापरू, ओलं झालं की वर उमटतं. त्याची पायपुसणी करा.